हिपॅटायटिस सी औषधांच्या उपलब्धतेचा प्रश्न

हिपॅटायटिस सी औषधांच्या उपलब्धतेचा प्रश्न म्हणजे हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणुजन्य रोगावरील परिणामकारक औषधे अस्तित्वात असूनही किंमत, पेटंट, विमा आणि शासकीय नियम यांमुळे ती रुग्णांपर्यंत न पोहोचण्याची समस्या होय. २०१३ मध्ये सोफोसबुविर हे औषध अमेरिकेत बाजारात आल्यानंतर या प्रश्नाला जागतिक स्वरूप आले. बारा आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण बरे होऊ शकतात हे तेव्हा सिद्ध झाले होते. परंतु एका गोळीची किंमत १,००० अमेरिकी डॉलर ठेवण्यात आली होती. पुढील काळात रुग्णांनी प्रतीक्षा, आंदोलन, परदेशप्रवास, वैयक्तिक आयात आणि खरेदीदार मंडळे असे विविध मार्ग अवलंबले. काही शासनांनी वाटाघाटी, सक्तीचे परवाने आणि मोफत उपचार कार्यक्रम राबवले. या घडामोडींत भारतीय पेटंट कायदा आणि भारतीय जेनेरिक औषध उद्योग यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

पार्श्वभूमी

रोगाचे स्वरूप

हिपॅटायटिस सी विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू रक्तावाटे पसरतो. तपासणी न केलेले रक्त चढवणे, निर्जंतुक न केलेल्या सुया व उपकरणे वापरणे आणि अमली पदार्थांच्या इंजेक्शनसाठी सुया सामायिक वापरणे ही संसर्गाची प्रमुख कारणे आहेत. वारंवार रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण आणि डायलिसिसवरील रुग्ण यांना विशेष धोका असतो. या विषाणूवर लस उपलब्ध नाही.

बहुसंख्य बाधितांमध्ये संसर्ग दीर्घकाळ टिकतो आणि बरीच वर्षे लक्षणे दिसत नाहीत. या काळात यकृतात हळूहळू तंतुमय ऊती वाढत जाते. काही रुग्णांमध्ये २० ते ३० वर्षांत सिरोसिस म्हणजे यकृतकाठिण्य होते. त्यातून पोटात पाणी साठणे, रक्ताची उलटी, यकृत निकामी होणे किंवा यकृताचा कर्करोग असे परिणाम संभवतात. सिरोसिस होण्यापूर्वी विषाणू नष्ट झाल्यास हा धोका मोठ्या प्रमाणात टळतो. सिरोसिस झाल्यानंतर रुग्ण विषाणुमुक्त झाला, तरी कर्करोगाचा धोका पूर्णपणे जात नाही आणि नियमित तपासणी करावी लागते. त्यामुळे औषध मिळते की नाही याइतकेच ते केव्हा मिळते हेही या रोगात निर्णायक ठरते.

इंटरफेरॉनचा काळ

सोफोसबुविरपूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिनच्या गोळ्या हा प्रमाणित उपचार होता. तो विषाणूच्या जनुकप्रकारानुसार २४ ते ४८ आठवडे चालत असे. ताप, तीव्र थकवा, रक्तक्षय, नैराश्य असे दुष्परिणाम सामान्य होते. जनुकप्रकार १ च्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच बरे होत. प्रगत सिरोसिसच्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज होती त्यांनाच, हा उपचार बहुधा सोसत नसे. म्हणून यकृताची हानी कमी असलेल्या अनेक रुग्णांना डॉक्टर नव्या औषधांची वाट पाहण्याचा सल्ला देत. नवी औषधे आली तेव्हा अशा प्रतीक्षेतील रुग्णांची संख्या मोठी होती.

सोफोसबुविर आणि त्याची किंमत

सोफोसबुविरचा शोध फार्मासेट या अमेरिकी कंपनीत लागला. हे औषध विषाणूला स्वतःच्या प्रती तयार करण्यासाठी लागणाऱ्या विकरास अडथळा करते. ते लेडिपासविर, डॅक्लाटासविर किंवा वेलपाटासविर यांपैकी एका औषधासोबत दिल्यास इंटरफेरॉनची गरज राहत नाही आणि ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. उपचार संपल्यानंतर १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू न आढळल्यास रुग्ण बरा झाला असे मानले जाते.

गिलियड सायन्सेस या कंपनीने २०११ मध्ये सुमारे ११ अब्ज डॉलरना फार्मासेट विकत घेण्याचा करार केला. ६ डिसेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सोफोसबुविरला मान्यता दिली आणि ते 'सोवाल्डी' या नावाने विक्रीस आले. ८४ गोळ्यांच्या उपचाराची सूचीकिंमत ८४,००० डॉलर होती. तत्कालीन विनिमय दराने ही रक्कम ५० लाख रुपयांहून अधिक होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या 'हार्वोनी' या सोफोसबुविर-लेडिपासविर संयुक्त गोळीच्या उपचाराची सूचीकिंमत ९४,५०० डॉलर होती.

याच सुमारास लिव्हरपूल विद्यापीठातील अँड्र्यू हिल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास सोफोसबुविरच्या १२ आठवड्यांच्या उपचाराचा उत्पादनखर्च ६८ ते १३६ डॉलर येईल, असा अंदाज वर्तवण्यात आला. उत्पादनखर्च आणि विक्रीकिंमत यांतील ही तफावत पुढील सर्व वादांचा केंद्रबिंदू ठरली.

१२ आठवड्यांच्या उपचाराचा औषधखर्च

| वर्ष | देश | औषध | खर्च |
|---|---|---|---|
| २०१३ | अमेरिका | सोवाल्डी | ८४,००० डॉलर (सूचीकिंमत) |
| २०१४ | अमेरिका | हार्वोनी | ९४,५०० डॉलर (सूचीकिंमत) |
| २०१४ | इजिप्त | सोवाल्डी, शासकीय खरेदी | ९०० डॉलर |
| २०१५ | भारत | हेपसिनॅट, जेनेरिक सोफोसबुविर | ५९,७०० रुपये (छापील किंमत) |
| २०१८ | इजिप्त | स्थानिक जेनेरिक, सोफोसबुविर व डॅक्लाटासविर | सुमारे ४५ डॉलर |

औषध मिळवण्यातील अडथळे

श्रीमंत देशांतील मर्यादित वाटप

औषध महाग असल्यामुळे श्रीमंत देशांतही ते सर्वांना देणे विमा कंपन्यांना व शासकीय योजनांना परवडेनासे झाले. अमेरिकेत गरिबांसाठी असलेल्या मेडिकेड या योजनेत अनेक राज्यांनी निर्बंध घातले. यकृताची हानी ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असणे, काही महिने मद्य व अमली पदार्थांपासून दूर राहिल्याचा पुरावा देणे आणि औषध केवळ तज्ज्ञ डॉक्टरांनीच लिहून देणे अशा अटींचा त्यांत समावेश होता. परिणामी, रोग प्राथमिक अवस्थेत असलेल्या रुग्णाला औषध मिळण्यासाठी यकृत आणखी बिघडण्याची वाट पाहावी लागे.

अमेरिकी सिनेटच्या अर्थ समितीचे सदस्य रॉन वायडन आणि चक ग्रासली यांनी डिसेंबर २०१५ मध्ये या विषयावरील चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. महसूल वाढवण्याच्या धोरणातून ही किंमत ठरवली गेली आणि तिच्यामुळे अनेक रुग्ण उपचारापासून वंचित राहतील याची कंपनीला कल्पना होती, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. अहवालानुसार २०१४ मध्ये मेडिकेडने या औषधांवर सवलती वजा करण्यापूर्वी १ अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. तरीही योजनेतील बाधितांपैकी २.४ टक्क्यांहून कमी रुग्णांवर उपचार होऊ शकले. कंपनीने हे निष्कर्ष अमान्य केले. इंग्लंडमध्येही राष्ट्रीय आरोग्य सेवेने वर्षभरात उपचार द्यायच्या रुग्णांची संख्या ठरवून दिली होती; २०१६ च्या सुमारास ती सुमारे १०,००० होती.

मध्यम उत्पन्नाच्या देशांची कोंडी

सप्टेंबर २०१४ मध्ये गिलियडने सात भारतीय उत्पादकांशी ऐच्छिक परवान्याचे करार केले. त्यांनुसार या कंपन्यांना रॉयल्टी देऊन ९१ विकसनशील देशांसाठी जेनेरिक औषध बनवण्याची मुभा मिळाली. मुंबईत मुख्यालय असलेली सिप्ला ही त्यांपैकी एक होती. भारत आणि बहुतेक गरीब देश या यादीत होते. परंतु चीन, ब्राझील, थायलंड, मलेशिया, युक्रेन यांसारखे मध्यम उत्पन्नाचे देश वगळण्यात आले. या देशांतील रुग्णांना श्रीमंत देशांतील आरोग्यविम्याचे संरक्षण नव्हते आणि गरीब देशांना मिळालेली स्वस्त औषधेही मिळत नव्हती. पुढे ही यादी टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मलेशिया, थायलंड, युक्रेन व बेलारूस यांचा तीत समावेश झाला.

निदानाचा अभाव

लक्षणे उशिरा दिसत असल्याने बहुतेक बाधितांना आपल्याला संसर्ग झाल्याचे ठाऊक नसते. निदानासाठी दोन चाचण्या लागतात. प्रतिपिंड चाचणीतून पूर्वी कधीतरी संसर्ग झाल्याचे समजते, तर विषाणूच्या आरएनए चाचणीतून तो अद्याप टिकून आहे का हे कळते. दुसरी चाचणी महाग असून सर्वत्र उपलब्ध नसते. औषध स्वस्त झाल्यावर अनेक ठिकाणी तीच मोठी अडचण ठरली.

भारतातील पेटंट वाद

भारतीय पेटंट कायदा, १९७० मध्ये २००५ साली दुरुस्ती होऊन औषधांच्या पेटंटची तरतूद पुन्हा लागू झाली. मात्र कलम ३(ड) नुसार, ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाची परिणामकारकता लक्षणीयरीत्या वाढत नसेल तर त्याला पेटंट मिळत नाही. याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेक या कर्करोगावरील औषधाच्या पेटंटची मागणी फेटाळली होती. पेटंट देण्यापूर्वी कोणालाही हरकत नोंदवता येते, ही या कायद्यातील आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे.

सोफोसबुविरच्या पेटंट अर्जावर अशा हरकती दाखल झाल्या. हरकतदारांमध्ये एचआयव्हीबाधितांची संघटना असलेले दिल्ली नेटवर्क ऑफ पॉझिटिव्ह पीपल, औषधांच्या पेटंटवर काम करणारी आय-मॅक ही संस्था आणि हैदराबादची नॅटको फार्मा ही कंपनी यांचा समावेश होता. एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी असलेल्या रुग्णांची संख्या लक्षणीय असल्याने रुग्णसंघटना या वादात उतरल्या होत्या. पुढील घटनाक्रम असा :

- जानेवारी २०१५ : पेटंट कार्यालयाने कलम ३(ड) च्या आधारे प्रमुख अर्ज फेटाळला.
- ३० जानेवारी २०१५ : दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून अर्ज फेरविचारासाठी परत पाठवला.
- मार्च २०१५ : नॅटकोने गिलियडकडून परवाना घेतला आणि 'हेपसिनॅट' हे औषध २८ गोळ्यांना १९,९०० रुपये या छापील किमतीने बाजारात आणले.
- ९ मे २०१६ : पेटंट कार्यालयाने पेटंट मंजूर केले.

अखेरीस पेटंट मंजूर झाले, तरी तोपर्यंत अनेक भारतीय कंपन्या परवान्यानुसार उत्पादन करू लागल्या होत्या आणि त्यांच्यातील स्पर्धेमुळे किमती उतरत गेल्या. ऐच्छिक परवान्यांच्या समर्थकांनी याचे श्रेय परवान्यांना दिले. टीकाकारांच्या मते, पेटंट नाकारले जाण्याची शक्यता निर्माण झाल्यामुळेच कंपनीने परवाने देण्याची तत्परता दाखवली. शिवाय परवान्यांमुळे भारतीय उत्पादकांना वगळलेल्या देशांत औषध विकता येईनासे झाले.

रुग्णांनी अवलंबलेले मार्ग

आंदोलने

स्पेनमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये रुग्ण व त्यांच्या नातेवाइकांनी माद्रिदमधील 'डोसे दे ऑक्तुब्रे' या सार्वजनिक रुग्णालयात ठिय्या आंदोलन सुरू केले. हे औषध सर्व गरजू रुग्णांना शासकीय खर्चाने द्यावे, अशी त्यांची मागणी होती. २०१५ मध्ये स्पेनच्या शासनाने हिपॅटायटिस सी साठी राष्ट्रीय योजना जाहीर केली. भारतात मणिपूर आणि दिल्ली येथील रुग्णसंघटनांनी इंटरफेरॉनच्या काळापासूनच किंमत कमी करण्यासाठी आणि मोफत शासकीय उपचारांसाठी पाठपुरावा केला होता.

वैयक्तिक आयात आणि खरेदीदार मंडळे

अनेक देशांचे कायदे रुग्णाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःपुरते औषध परदेशातून मागवण्याची परवानगी देतात. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा एका वेळी तीन महिन्यांच्या औषधाची आहे आणि सोफोसबुविरचा सर्वसाधारण उपचारही तीन महिन्यांचाच असतो. त्यामुळे ही तरतूद या रोगासाठी विशेष उपयुक्त ठरली.

२०१५ मध्ये टास्मानियातील लेखक ग्रेग जेफ्रीज यांनी चेन्नईला येऊन स्वतःसाठी जेनेरिक सोफोसबुविर मिळवले. उपचाराचे अनुभव त्यांनी सार्वजनिकरीत्या लिहिले आणि त्यानंतर जगभरातील रुग्ण त्यांच्याकडे विचारणा करू लागले. होबार्ट येथील डॉक्टर जेम्स फ्रीमन यांनी 'फिक्सहेपसी' हे खरेदीदार मंडळ उभारले. रुग्णांची कागदपत्रे तपासणे, उत्पादक निवडणे, औषधाची प्रयोगशाळेत रासायनिक चाचणी करून घेणे आणि उपचारादरम्यान रक्तचाचण्यांवर लक्ष ठेवणे ही कामे मंडळ करत असे. अशा मार्गाने औषध घेतलेल्या रुग्णांचे निष्कर्ष २०१६ मध्ये युरोपीय यकृततज्ज्ञांच्या परिषदेत मांडण्यात आले. त्यांत बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक, म्हणजे मूळ औषधाच्या तोडीचे होते.

खरेदीदार मंडळांची पद्धत नवी नव्हती. १९८० च्या दशकात अमेरिकेतील एड्सच्या रुग्णांनी अमान्यताप्राप्त औषधे मिळवण्यासाठी अशी मंडळे स्थापन केली होती. चीनमध्येही सोफोसबुविरला २०१७ मध्ये मान्यता मिळेपर्यंत अनेक रुग्ण भारतातून औषध आणत असत.

जोखमी

अनधिकृत मार्गाने औषध घेण्यात बनावट औषधाचा मोठा धोका असतो. जानेवारी २०१७ मध्ये जपानच्या नारा प्रांतात हार्वोनीच्या बनावट बाटल्या अधिकृत औषधदुकानांच्या साखळीपर्यंत पोहोचल्याचे उघडकीस आले. औषध महाग असेल तेव्हा बनावट माल नियमित पुरवठासाखळीतही शिरू शकतो, हे या घटनेतून दिसले.

दुसरी जोखीम वैद्यकीय देखरेखीविना उपचार घेण्याची आहे. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडारोन हे औषध सोफोसबुविरसोबत घेतल्यास हृदयाची गती धोकादायकरीत्या मंदावू शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे सोफोसबुविरचा प्रभाव घटतो, तर आम्लपित्तावरील काही औषधांमुळे वेलपाटासविरचे शोषण कमी होते. हिपॅटायटिस बी चा संसर्गही असलेल्या रुग्णांमध्ये सी चा विषाणू नष्ट होताना बी चा विषाणू पुन्हा सक्रिय होऊ शकतो; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये याबाबत ठळक इशारा देणे बंधनकारक केले. म्हणून उपचारापूर्वी हिपॅटायटिस बी ची तपासणी आवश्यक मानली जाते.

तिसरी अडचण उपचार मध्येच खंडित होण्याची आहे. साठा संपणे, आयात अडकणे किंवा पैसे अपुरे पडणे यांमुळे गोळ्या थांबल्यास विषाणू पुन्हा वाढू शकतो आणि फेरउपचार अधिक अवघड होऊ शकतो. म्हणून खरेदीदार मंडळे संपूर्ण कालावधीचे औषध हाती आल्यानंतरच उपचार सुरू करण्यावर भर देत.

शासकीय पातळीवरील उपाय

इजिप्त

इजिप्तमध्ये हिपॅटायटिस सी चे प्रमाण जगात सर्वाधिक होते. १९५० ते १९८० च्या दशकांत शिस्टोसोमियासिस या परजीवीजन्य रोगाविरुद्धच्या सार्वत्रिक मोहिमांत पुरेसे निर्जंतुकीकरण न करता इंजेक्शने देण्यात आली; हे या प्रसाराचे प्रमुख कारण मानले जाते. २०१४ मध्ये शासनाने मूळ कंपनीकडून ९०० डॉलरना उपचार मिळवले आणि नंतर स्थानिक जेनेरिक उत्पादनाला चालना दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये '१० कोटी निरोगी जीवने' या मोहिमेत देशव्यापी तपासणी सुरू झाली. सुमारे सात महिन्यांत जवळपास ५ कोटी लोकांची तपासणी झाली आणि बाधितांना मोफत औषधे देण्यात आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सी निर्मूलनाच्या मार्गावरील 'सुवर्ण श्रेणी' इजिप्तला दिली. ही श्रेणी मिळवणारा तो पहिला देश होता.

ऑस्ट्रेलिया

ऑस्ट्रेलियाने १ मार्च २०१६ पासून ही औषधे शासकीय अनुदानाच्या यादीत घेतली. शासनाने कंपन्यांना पाच वर्षांसाठी सुमारे १ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरवले आणि त्या मोबदल्यात रुग्णसंख्येवर मर्यादा राहिली नाही. जितके अधिक रुग्ण उपचार घेतील तितका प्रतिरुग्ण खर्च कमी होईल, अशी ही रचना होती. यकृताच्या हानीची किंवा अमली पदार्थ सोडण्याची अट घालण्यात आली नाही. कारागृहांतील रुग्णांनाही उपचार खुले झाले. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०१९ मध्ये याच धर्तीचा करार केला.

मलेशिया

ऐच्छिक परवान्यातून वगळल्या गेलेल्या मलेशियाने सप्टेंबर २०१७ मध्ये शासकीय वापरासाठी सोफोसबुविरचा सक्तीचा परवाना जाहीर केला. अशा परवान्यामुळे पेटंटधारकाच्या संमतीविना शासनाला जेनेरिक औषध आणता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात याची तरतूद आहे. त्यानंतर मलेशियाच्या शासकीय रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले.

आंतरराष्ट्रीय संस्था

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सोफोसबुविर, डॅक्लाटासविर आणि संबंधित औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत समावेश केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेडिसिन्स पेटंट पूल या संस्थेने डॅक्लाटासविरसाठी ११२ देशांना लागू होणारा परवाना मिळवला. सोफोसबुविर एकटे पुरेसे नसल्याने जोडीच्या औषधाचा हा परवाना महत्त्वाचा होता.

भारतातील उपचार कार्यक्रम

भारतात जेनेरिक औषधे २०१५ पासून उपलब्ध झाली. तरीही सुमारे ६० हजार रुपयांचे औषध आणि त्याखेरीज चाचण्यांचा खर्च अनेक कुटुंबांना पेलणारा नव्हता. हिपॅटायटिस सी चे प्रमाण अधिक असलेल्या पंजाबने जून २०१६ मध्ये 'मुख्यमंत्री पंजाब हिपॅटायटिस सी रिलीफ फंड' या नावाने मोफत उपचार सुरू केले. जिल्हा रुग्णालयांतील सर्वसाधारण वैद्यकीय डॉक्टरांना प्रशिक्षण देऊन त्यांच्यामार्फत औषधे देण्यात आली. बरे होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक राहिल्याने, या उपचारासाठी प्रत्येक वेळी मोठ्या शहरातील यकृततज्ज्ञाची गरज नसते, हे स्पष्ट झाले.

२८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी, केंद्र शासनाने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्याचा राष्ट्रीय कृती आराखडा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत प्रकाशित झाला. या कार्यक्रमांतर्गत हिपॅटायटिस बी आणि सी यांचे निदान व औषधोपचार मोफत दिले जातात. महाराष्ट्र आणि गोव्यासह सर्व राज्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा रुग्णालयांमधून उपचार केंद्रे चालवली जातात. गुंतागुंतीच्या रुग्णांना 'आदर्श उपचार केंद्रा'कडे पाठवले जाते.

कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिरोसिस नसलेल्या रुग्णांना १२ आठवडे सोफोसबुविर व डॅक्लाटासविर, तर सिरोसिस असूनही यकृताचे कार्य टिकून असलेल्यांना १२ आठवडे सोफोसबुविर व वेलपाटासविर देतात. यकृताचे कार्य ढासळलेल्या रुग्णांमध्ये रिबाविरिनची भर घालतात किंवा उपचार २४ आठवड्यांपर्यंत वाढवतात. भारतात आढळणाऱ्या जनुकप्रकार ३ सह सर्व जनुकप्रकारांवर ही औषधे चालतात. त्यामुळे जनुकप्रकाराची महाग चाचणी बहुतेक रुग्णांना करावी लागत नाही.

मतमतांतरे

औषध कंपन्यांच्या मते, नव्या औषधांची किंमत त्यांमुळे वाचणाऱ्या खर्चाच्या संदर्भात पाहिली पाहिजे. यकृत प्रत्यारोपण, कर्करोगावरील उपचार आणि दीर्घकालीन रुग्णालयवास यांपेक्षा एकदाच द्यायचा उपचार स्वस्त पडतो. शिवाय मोठ्या परताव्याच्या अपेक्षेमुळेच असे संशोधन घडते, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

याउलट, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्था आणि रुग्णसंघटना यांनी असे प्रतिपादन केले की, दीर्घकालीन बचत खरी असली तरी सर्व रुग्णांचा खर्च एकाच वेळी उचलणे कोणत्याही योजनेला शक्य नसते. परिणामी, किफायतशीर ठरवलेले औषधही प्रत्यक्षात थोड्यांनाच मिळते. ऐच्छिक परवान्यांतील देशनिहाय विभागणी आणि औषध इतर देशांत जाऊ नये यासाठी रुग्णांच्या ओळखीची नोंद ठेवण्याच्या अटी यांवरही त्यांनी टीका केली.

सद्यस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये जगात सुमारे ५ कोटी लोकांना दीर्घकालीन हिपॅटायटिस सी होता आणि त्या वर्षी या रोगाने सुमारे २ लाख ४२ हजार मृत्यू झाले. भारतातील बाधितांची संख्या सुमारे ५५ लाख होती. जगभरातील बाधितांपैकी ३६ टक्क्यांचेच निदान झाले होते आणि केवळ २० टक्क्यांना रोग बरा करणारे औषधोपचार मिळाले होते. २०३० पर्यंत नवे संसर्ग ९० टक्क्यांनी आणि मृत्यू ६५ टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट संघटनेने ठेवले आहे.

अल्प व मध्यम उत्पन्नाच्या काही देशांत १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ६० डॉलरपर्यंत खाली आली आहे. त्यामुळे या देशांत अडथळ्याचे स्वरूप बदलले असून बाधितांचा शोध घेणे, आरएनए चाचणी तालुका पातळीवर उपलब्ध करणे, औषधसाठा अखंड ठेवणे आणि अमली पदार्थांचे इंजेक्शन घेणाऱ्या व्यक्ती, कैदी व स्थलांतरित मजूर यांना उपचारात टिकवून ठेवणे ही प्रमुख आव्हाने मानली जातात.

हेही पाहा

- हिपॅटायटिस सी
- सिरोसिस
- जेनेरिक औषधे
- भारतीय पेटंट कायदा, १९७०
- सक्तीचा परवाना
- जागतिक हिपॅटायटिस दिन